चिमणराव तुम्हाला आधी कुठे भेटले : पानावर, रंगमंचावर की पडद्यावर?

चिं. वि. जोशी यांचा ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ हा विनोदी कथांचा संग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला आणि चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी पुढे चित्रपटांत व दूरदर्शनवरही गेली. या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतात आणि आपले हसे होते आहे हे त्यांच्या गावीही नसते, ही त्यांतली खरी गंमत. सांगणाराच दिसू लागला की ती टिकते का, याविषयी आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

डोंबिवलीहून : माझी ओळख दूरदर्शनमुळे झाली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, कृष्णधवल पडद्याच्या काळात, शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून आम्ही ती मालिका पाहत असू. दिलीप प्रभावळकरांचा किनरा आवाज आणि बाळ कर्व्यांचा भारदस्त गुंड्याभाऊ इतके मनात बसले आहेत, की पुढे पुस्तक हाती घेतले तेव्हा प्रत्येक वाक्य त्याच आवाजात ऐकू येऊ लागले. मला यात काही गैर वाटत नाही. पुस्तकात चिमणराव आपल्या फजितीचे जे गंभीर समर्थन करतात, ते प्रभावळकर बोलण्याआधी घेतलेल्या एका छोट्याशा विरामात उभे करीत असत.

वडोदऱ्याहून : आमच्या घरी चिं. वि. हे आधी ‘पालीचे प्राध्यापक’ म्हणूनच ठाऊक होते, कारण बडोदा कॉलेजात ते पाली भाषा शिकवीत आणि जातककथांवर, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांवरही त्यांनी लिहिले होते. विनोदी लेखक म्हणून त्यांचे नाव मी पुष्कळ उशिरा ऐकले. त्यांचे निवेदन कुठेही आवाज चढवीत नाही, याचे मूळ त्या जुन्या कथांच्या सहवासात असावे, असे मला राहून राहून वाटते. अर्थात हा माझा तर्क.

कोल्हापूरहून : वडील १९४० सालच्या ‘लग्न पहावे करून’विषयी भरभरून बोलत. मास्टर विनायकांच्या त्या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९४२ च्या ‘सरकारी पाहुणे’मध्येही हीच जोडी होती. दामूअण्णा मुळात रंगभूमीवरचे नट, त्यामुळे संवादाची फेक आणि त्यांची ती तिरकी नजर एवढ्यावरच प्रेक्षक ताब्यात येई, असे वडील सांगत. पहिला चित्रपट मी पुढे पाहिला तेव्हा मला हसू आले ते उपवर मुलीसाठी चाललेल्या खटपटीचे; चिमणरावांचा आत्मसंतुष्ट सूर मात्र बराचसा हरवलेला वाटला.

पुण्याहून : आमच्या कार्यालयातील गणेशोत्सवात आम्ही स्थळे पाहण्याचा एक प्रसंग रंगमंचावर आणला होता. पहिल्या तालमीत सगळेच संवादरूपाने मांडले आणि सगळे पडले. मग दिग्दर्शन करणाऱ्या वहिनींनी एका कोपऱ्यात मेज, टाक आणि दौत मांडून चिमणरावांना तिथे लिहायला बसवले. चिमणराव मध्येच उठून प्रसंगात शिरायचे, पुरेशी फजिती करून घ्यायचे, आणि परत मेजाशी येऊन, उपरण्याने घाम पुसत, ‘एकंदरीत माझी छाप चांगली पडली’ असे लिहून काढायचे. हे वाक्य आमच्या पदरचे होते, हे सांगायला हवे. पण नुकतीच डोळ्यांनी पाहिलेली हकिकत आणि कागदावर उतरणारी हकिकत यांतली तफावत दिसताच सभागृह जे उसळले, ते गुंड्याभाऊने सोटा आपटल्यावरही उसळले नव्हते. त्या सोट्यावर, म्हणजे पुठ्ठ्याची नळी रंगवण्यावर, आम्ही निष्कारण फार वेळ घालवला होता.

नाशिकहून : १९७९ साली आलेला ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट मला लांबलेला वाटला. या गोष्टी सुट्या सुट्या आहेत. एक फजिती संपली की पान मिटून थांबता येते. मालिकेला ही रचना सोयीची होती, चित्रपटाला त्यांतून एक सलग कथानक विणावे लागले आणि त्या विणकामात उपहास पातळ झाला.

सोलापूरहून : वरील मत मला मान्य नाही. मी शाळेत मराठी शिकवते. चिमणरावांचे लांबलचक वाक्य मुलांना आधी जड जाते, म्हणून मी अगोदर पडद्यावरचा एखादा तुकडा दाखवते आणि मग तोच सूर धरून उतारा मोठ्याने वाचायला लावते. हुंड्याची बोलणी आणि मानपान यांवरील टोमणे मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. ती घरी चाललेल्या लग्नांची उदाहरणे आपणहून देऊ लागतात, आणि मग त्यांना आवरणे हेच माझे काम होऊन बसते.