मदत हवी आहे: बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूंमध्ये तीन बोटं फट, व्यायाम नेमका कुठून सुरू करू?

रातराणी

मुलगी सात महिन्यांची आहे. पहिलंच बाळंतपण, सीझर. वजन जवळजवळ पूर्वीइतकं झालंय, पोट मात्र आत जायला तयार नाही. सकाळी बरं असतं. संध्याकाळपर्यंत असं पुढे येतं की सोसायटीतल्या एका काकूंनी लिफ्टमध्ये "काय गं, लगेच दुसरं?" असं विचारलं. (काकूंपेक्षा शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला हसू आलं, त्याचा राग जास्त आला.)

दिसण्याचं एक वेळ सोडून देईन. पण पलंगावरून सरळ उठायला गेले की बेंबीच्या वर मधोमध उभा उंचवटा येतो. कंबर दुखते आणि जोरात शिंक आली की थोडी लघवी सुटते. डॉक्टरांनी झोपवून डोकं उचलायला लावलं, बोटांनी चाचपलं आणि सांगितलं, "तीन बोटं फट आहे, डायस्टॅसिस रेक्टाय. व्यायाम करा." कोणता, हे विचारेपर्यंत पुढची पेशंट आत आली होती.

घरी प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात, पोट घट्ट बांधलं नाहीस म्हणून वारा शिरला. आई म्हणते, मालिशवाल्या बाईंना पोट चोळू दिलं नाहीस. जिममधला मुलगा म्हणतो, रोज क्रंचेस मारा. यूट्यूबवर एक बाई क्रंचेस करायला लावते, दुसरी म्हणते त्यानेच फट वाढते. ज्यांना हे झालंय किंवा यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा. सात महिने झाले म्हणजे वेळ निघून गेली का? आणि पट्टा अजून लावू का?

कडूनिंब

वेळ अजिबात गेलेली नाही. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन वर्षांनी मी नीट फिजिओकडे गेले, तरी फरक पडला. फट थोडी राहिली आहे पण कंबर दुखत नाही आणि उंचवटा येत नाही. यूट्यूब आधी बंद कर.

तिखटमीठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथून तपासणी होत नाही, म्हणून जे सर्वांना लागू पडतं तेवढंच लिहिते.

पोटावर पुढच्या बाजूला बरगड्यांपासून ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. त्यांना मधे जोडणारी एक पांढरी, चिवट पट्टी असते, लिनिया अल्बा. गर्भ वाढतो तशी ती ताणून रुंद होते. स्नायू फाटत नाहीत, "सरकतात" तेही या पट्टीच्या ताणामुळेच. शेवटच्या आठवड्यांत हे जवळपास प्रत्येकीचं होतं. पहिल्या दोनेक महिन्यांत बरीचशी फट आपोआप भरते, मग वेग मंदावतो. नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींचा अभ्यास झाला होता, २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांनी ६० टक्के, सहा महिन्यांनी ४५ टक्के आणि वर्षाने ३३ टक्के बायकांना फट होती. म्हणजे रातराणी, तुझ्यासारख्या पुष्कळ आहेत, आणि पट्टा न बांधण्याशी किंवा वाऱ्याशी याचा संबंध नाही.

बोटं मोजण्यात फार अडकू नकोस. मी तपासते तेव्हा रुंदीइतकंच हेही बघते की बोट टेकवल्यावर खाली घट्ट लागतं की बोट खोल जातं. जुन्या परकराच्या नाडीपट्टीतलं इलॅस्टिक सैल पडावं तशी ती पट्टी झालेली असते. तिला पुन्हा ताण धरता यायला हवा. दोन बोटं फट राहूनही पोट उत्तम काम करणाऱ्या बायका मी रोज बघते.

सुरुवात श्वासापासून. पाठीवर झोप, गुडघे वाकवून. श्वास घेताना बरगड्या आणि पोट फुलू दे. सोडताना आधी लघवी अडवतो तसे खालचे स्नायू वर ओढ, मग बेंबीखालचं पोट हलकेच आत. श्वास कोंडायचा नाही, पोट जोराने आवळायचं नाही. सगळ्यात आतला स्नायू कमरेभोवती आडवा गुंडाळलेला असतो, त्याला जागं करायचंय. हे जमलं की तीच पकड ठेवून एकेक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा. मग कंबर उचलणं, सेतुबंधासारखं. पुढची पायरी कधी घ्यायची हे तुझं पोटच सांगेल: व्यायाम करताना मधोमध उंचवटा आला तर तो व्यायाम आज तुझ्यासाठी जड आहे, एक पायरी खाली ये. क्रंचेस, प्लँक, दोन्ही पाय एकदम उचलणं, नौकासन हे सध्या नको. कायमचं वर्ज्य मात्र नाही.

आणि दिवसभरातलं वागणं. हे बायका सोडून देतात आणि फक्त वीस मिनिटांच्या व्यायामाकडून अपेक्षा ठेवतात. उठताना आधी कुशीवर वळ, मग हाताच्या आधाराने उठ. मुलीला उचलताना ती अंगाजवळ घे आणि उचलतानाच श्वास सोड. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते बरं कर. रोज कुंथत राहिलीस तर पोटावर आणि खाली दोन्हीकडे दाब पडतो.

पट्ट्याने आधार वाटतो, सुरुवातीचे आठवडे ते ठीकच. पण स्नायू जोडायचं काम तो करत नाही. करकचून बांधला तर दाब खाली ढकलला जातो, आणि तुझी लघवी सुटते आहे म्हणून मी तो आता सोडायला सांगेन. मालिशने बरं वाटतं, फट भरत नाही.

आजोळ

आमच्या वेळी हे नावही नव्हतं. जुन्या लुगड्याच्या पट्टीने पोट बांधायचं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, की झालं. तीन बाळंतपणं झाली, काही बिघडलं नाही. आजकाल प्रत्येक गोष्टीचा आजार होतो.

तिखटमीठ

आजोळताई, पुष्कळ जणींचं खरंच आपोआप बरं होतं, तुमचंही झालं असेल. पण माझ्याकडे साठीच्या बायका येतात त्या "खोकताना लघवी होते, चाळीस वर्षं झाली, बाईच्या जातीला असतंच" असं सांगतात. त्यांनी तेव्हा कुणाला सांगितलं नाही इतकंच. सव्वा महिन्याची विश्रांती आणि लाडू यांना माझा मनापासून पाठिंबा आहे.

पानगळ

मी फ्रान्समध्ये असते. इथे बाळंतपणानंतर डॉक्टर किंवा दाई पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे लघवी धरून ठेवणाऱ्या खालच्या स्नायूंचे, व्यायाम लिहून देतात, साधारण दहा सेशन, आणि सरकारी विम्यातून पैसे मिळतात. क्रम असा की आधी खालचे स्नायू, मगच पोट. मी थेट पोटाचे व्यायाम मागितले तर दाईने मला चक्क गप्प केलं. हे तिखटमीठ यांच्या सांगण्याशी जुळतं.

रातराणी

सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना नॉर्वेचे आकडे वाचून दाखवले, त्यांनी "तिकडे थंडी असते" म्हणून विषय संपवला.

अजून दोन गोष्टी. बेंबी थोडी बाहेर आल्यासारखी वाटते, हा हर्निया असेल का? आणि हे व्यायामाने नाहीच बरं झालं तर ऑपरेशन करतात असं वाचलं. शिवाय सूर्यनमस्कार कधी सुरू करू?

तिखटमीठ

बेंबीपाशी मऊ गोल फुगवटा असेल, खोकल्यावर वाढत असेल आणि झोपल्यावर आत जात असेल तर सर्जनला दाखव, सोनोग्राफीत कळतं. असा फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला किंवा सोबत उलट्या झाल्या तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही.

ऑपरेशनमध्ये दोन्ही स्नायू टाक्यांनी जवळ आणतात. निदान वर्षभर व्यायाम करून आणि पुढचं मूल नको हे ठरल्यावरच त्याचा विचार करावा, नाहीतर पुढच्या गरोदरपणात पुन्हा ताण येतो. फक्त फटीसाठी केलं तर विमा कंपन्या बहुधा ते सौंदर्यासाठीचं धरतात, पैसे देत नाहीत.

सूर्यनमस्कार: टाच सरकवणं आणि सेतू उंचवट्याशिवाय जमले की अर्धे करून बघ. प्लँकसारख्या स्थितीत गुडघे टेकव, भुजंगासनात फार मागे वाकू नकोस.

आणि एकदा प्रत्यक्ष दाखव. खासगी परवडत नसेल तर फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीत फी बरीच कमी असते. जाताना "लघवी सुटते" हे आपणहून सांग. पुष्कळदा कुणी विचारतच नाही.