गुरूला शनीसारखी कडी का नाहीत?

प्रश्न: गुरूचे वस्तुमान शनीच्या तिपटीहून अधिक असूनही शनीची कडी लहान दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात आणि गुरूभोवती मात्र काहीच दिसत नाही, याचे कारण काय?

प्रतिसाद १: कडी गुरूलाही आहेत; व्हॉयेजर-१ यानाने ती १९७९ मध्ये टिपली. परंतु मेटिससारख्या छोट्या उपग्रहांवर उल्का आदळून उडालेल्या काळसर धुळीची ती असल्यामुळे फारच अंधुक दिसतात, तर शनीची कडी मुख्यतः पाण्याच्या चमकदार बर्फाची आहेत.

प्रतिसाद २: रोश मर्यादेच्या, म्हणजे ग्रहापासूनच्या एका ठरावीक अंतराच्या, आत ग्रहाच्या भरती-ओहोटीच्या बलामुळे (जवळच्या बाजूवर जास्त व दूरच्या बाजूवर कमी पडणाऱ्या ओढीमुळे) विखुरलेल्या द्रव्यातून मोठा उपग्रह घडू शकत नाही, मात्र ही मर्यादा प्रत्येक ग्रहाला असते, म्हणून तिच्यावरून कडे कोठे टिकेल एवढेच कळते. तेवढे द्रव्य आले कोठून, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. कॅसिनी यानाच्या २०१७ मधील मोजणीनुसार शनीच्या कड्यांचे वस्तुमान शनीच्याच मिमास उपग्रहाच्या सुमारे दोन पंचमांश आहे, त्यामुळे एखादा बर्फाळ उपग्रह शनीच्या फार जवळ येऊन फुटला असावा, हा तर्क मला पटतो, जरी कड्यांच्या वयाविषयी संशोधकांत अजून एकमत नाही. गुरूचे चार मोठे उपग्रह विस्तीर्ण कडी टिकू देत नाहीत, असे २०२२ मधील संगणकीय अभ्यासात दिसले.

प्रतिसाद ३: युरेनसचीही कडी काळी व अरुंद आहेत. १० मार्च १९७७ रोजी तो एका ताऱ्यासमोरून जाताना ती उघडकीस आली, आणि ते पिधान (ताऱ्याचे ग्रहाआड झाकले जाणे) तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेतूनही नोंदवले गेले, याचा आवर्जून उल्लेख व्हायला हवा.