पासवर्ड बरोबर असूनही ५३५ एरर येत असेल तर
प्रश्न असा आहे की कंपनीचा मेल बिलिंग सॉफ्टवेअरला जोडताना पासवर्ड बरोबर असूनही ५३५ एरर, म्हणजे मेल सर्व्हरने लॉगिन नाकारल्याचा संदेश, का येते. गूगल वर्कस्पेस (गूगलची कंपन्यांसाठीची मेल सेवा) असेल तर रोजचा पासवर्ड तिथे चालतच नाही. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग १६ अक्षरी ॲप पासवर्ड (फक्त त्या सॉफ्टवेअरसाठीचा वेगळा पासवर्ड) बनवून तो टाका. मेलच्या सेटिंगमध्ये पोर्ट ५८७ आणि टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) निवडा. सॉफ्टवेअरमध्ये 'साइन इन विथ गूगल' असेल तर मात्र तेच घ्या. पासवर्ड कुणाच्या हाती द्यावा लागत नाही आणि परवानगी कधीही काढून घेता येते.

खरी गोची पुढे आहे. सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवत असेल तर डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (त्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) त्या सर्व्हरचा उल्लेख हवा. आमच्याकडे कुणीतरी त्यासाठी दुसरी एसपीएफ नोंद टाकली. एका डोमेनला एकच चालते, दोन झाल्या की तपासणीच फसते. आठवडाभर आमची बिलं ग्राहकांच्या स्पॅममध्ये पडून होती. आहे त्याच ओळीत, शेवटच्या 'ऑल'च्या आधी, नव्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरचा 'इन्क्लूड' घाला. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डोमेनची डिजिटल सही, तीही त्याच बैठकीत उरकून घ्या.

आणि हे सगळं कुणा कर्मचाऱ्याच्या खात्यावर जोडू नका. तो सोडून गेला, खातं बंद केलं, की बिलंही थांबतात.