खताच्या प्रोसेसचं पेटंट 'उघडच आहे' म्हणून नाकारलं, अपिलात काय मांडू?

कुरकुंभवाला
नमस्कार मंडळी, राहतो पुण्यात, छोटं युनिट कुरकुंभ एमआयडीसीत. मोनो अमोनियम फॉस्फेट खतासाठी फॉस्फोरिक ॲसिडमध्ये अमोनिया सोडतो. सगळी पुस्तकं सांगतात की टाकीत मोल रेशो (अमोनिया आणि ॲसिडच्या रेणूंचं प्रमाण) एकतर ०.६ च्या आसपास ठेवा नाहीतर १.४ ला, मधे १ ला तयार झालेला क्षार सगळ्यात कमी विरघळतो आणि स्लरी, म्हणजे टाकीतलं मिश्रण, पिठल्यासारखी घट्ट होते. आम्ही थोडं लिग्नोसल्फोनेट (लाकडाच्या लगद्यातून निघणारं रसायन) घालून १ लाच चालवतो, स्लरी पळीवरून धार धरून पडते. पेटंट ऑफिसचे कंट्रोलर म्हणतात, आधी प्रसिद्ध झालेल्या दोन कागदांपैकी डी१ मध्ये रेशो आहे, डी२ मध्ये काँक्रीट पातळ ठेवायला लिग्नोसल्फोनेट आहे, जोडा की झालं. ऑर्डर दीड पानाची. चार वर्षं घातलीत हो यात, खूप लागलंय मनाला.

पाषाणची केमिस्ट
दादा, कंट्रोलरच्या बाजूनं बघितलं तर लिग्नोसल्फोनेट खतवाल्यांना नवं नाही, दाणे बांधायला बाइंडर म्हणून वर्षानुवर्षं वापरतात. त्यामुळे 'काँक्रीटचा पेपर आमचा माणूस कशाला वाचेल' एवढ्यावर विसंबू नका, तो मुद्दा लंगडा पडेल.

अपीलवाली वकील
ताई, मला तर त्यातच दादांचा मुद्दा दिसतो! खतवाला त्याला चिकटवणारी वस्तू म्हणून ओळखतो ना, मग आधीच घट्ट होणाऱ्या स्लरीत तो ते कशाला ओतेल? आज उत्तर समोर आहे म्हणून डी१ डी२ जोडणं सोपं वाटतं, अर्जाच्या तारखेला प्लांटवर उभ्या असलेल्या माणसाला ते जोडायचं कारण काय होतं, हे ऑर्डरमध्ये कुठंय? दिल्ली हायकोर्टानं २०२२ मध्ये ॲग्रीबोर्डच्या केसमध्ये हेच म्हटलंय, आधीचं ज्ञान काय, शोध काय, आणि त्यावरून तो जाणकाराला उघड कसा, तिन्हीची चर्चा हवी, नुसता निष्कर्ष चालत नाही. पण फक्त ऑर्डर तोकडी आहे म्हणालात तर केस फेरविचाराला परत जाईल, मूळ प्रश्न तिथंच. पेटंट कायद्याचं कलम ३(डी) लावलंय का तेही बघा, ज्ञात प्रोसेसचा नुसता वापर म्हणून अडवतात. आणि ११७ए खाली मुदत तीन महिने, पेटंटची अपिलं ऐकणारं मंडळ आयपीएबी २०२१ ला बंद झाल्यापासून अपील थेट हायकोर्टात.

पाषाणची केमिस्ट
हे पटलं. मग सगळं आकड्यांवर येतं. लिग्नोसल्फोनेटशिवाय आणि घालून, तेच ॲसिड, तेच तापमान, अशी व्हिस्कॉसिटी (घट्टपणाचं माप) मूळ अर्जात लिहिलीय का? रॉक फॉस्फेटच्या ॲसिडमधलं लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम पण स्लरी घट्ट करतं, त्यामुळे फरक ॲसिडमुळे नाही हे दिसायला हवं.

कुरकुंभवाला
३(डी) नाही लावलेलं. तुलनेचा तक्ता आहे, उदाहरण ४ मध्ये, एकाच ड्रममधलं ॲसिड. ऑर्डरमध्ये त्याचा उल्लेखच नाही!

अपीलवाली वकील
मग अपिलाचा पहिला मुद्दा तोच घ्या, बाइंडरचा त्याच्या लगेच खाली. ऑर्डरची तारीख आजच बघून ठेवा.