शब्दचर्चा: हसन आचारी की शेफ?

तिरफळ: आईबरोबर 'द हंड्रेड-फूट जर्नी' परत पाहिला, ओम पुरी आणि हेलन मिरेनचा, २०१४ चा. आईला इंग्रजी भराभर कळत नाही म्हणून मधे मधे सांगत होते, की मुंबईचं कदम कुटुंब दंगलीत आई आणि हॉटेल दोन्ही गमावून युरोपात येतं, फ्रान्समधल्या एका गावाजवळ गाडीचे ब्रेक जातात आणि पप्पा तिथेच हॉटेल टाकायचं ठरवतो, तेही नेमकं एका मिशेलिन स्टारवाल्या रेस्टॉरंटच्या समोर. तर बोलता बोलता म्हटलं की त्याचा मुलगा हसन आचारी असतो. बहीण फिस्सकन हसली, म्हणे आचारी काय, लग्नात जिलब्या तळतोय का तो, शेफ म्हण. आता मला सांगा, शेफला मराठीत चपखल शब्द आहे का? आणि असल्या पिक्चरला 'फील-गुड' म्हणतात त्याला काय म्हणायचं?

रिकामटेकडा: बहिणीला सांगा की शेफ म्हणजे फ्रेंचमध्ये नुसता प्रमुख. अख्खा शब्द 'शेफ द क्विझीन', म्हणजे स्वयंपाकघराचा मुख्य. तो हुद्दा आहे, कामाचं नाव नाही. त्या हिशोबाने समोरच्या रेस्टॉरंटात मादाम मॅलरीकडे शेफ असतो तो ज्याँ-पिएर, आणि मादाम स्वतः मालकीण. हसन पुढे तिच्याकडे कामाला जातो तेव्हा तो शेफ नसतोच. मग मुख्य आचारी म्हणा की, काय बिघडलं.

पाटा-वरवंटा: आचारी चालणार नाही हो. आचारी म्हटलं की डोळ्यासमोर पंगत, सोवळं, मुंज हेच येतं, मूळ शब्दातच आचार आहे ना. हसन, मन्सूर, महिरा, आयशा ही नावं बघा, यांच्या घरात आचारी कुठला, भटारी म्हणा. भटारखाना हा शब्द आपण हॉटेलच्या किचनला अजून वापरतो (म्हणजे आमची पिढी वापरते), तो तिथलाच. आणि शंभर फुटांवर पलीकडे मादामचं चकचकीत तांब्याच्या भांड्यांचं किचन, ते मुदपाकखाना. एका बाजूला भटारखाना, एका बाजूला मुदपाकखाना, सगळा पिक्चर दोन शब्दांत आला.

रिकामटेकडा: वा! पण गंमत म्हणजे मुदपाक दिसतो संस्कृत आणि आहे अरबी, मतबखचा मुदबख आणि त्याचा आपण मुदपाक केला, पाक आहे म्हणून सगळे फसतात. म्हणजे तुमचे दोन्ही 'खाने' रस्त्याच्या एकाच बाजूचे निघाले.

ठाण्याची मावशी: मला एक खटकलं ते विचारते, मुसलमान कुटुंबाचं आडनाव कदम कसं? मूळ कादंबरीत ते हाजी आहेत, सिनेमात कदम केलंय. कोकणात परकार, मुकादम अशी आडनावं आहेत ते ठाऊक आहे, तरी कदम ऐकलं की साताऱ्याकडचेच आठवतात.

तिरफळ: मावशी, हिंदीत कदम म्हणजे पाऊल, आणि सिनेमाच्या नावात फूट! मुद्दाम केलं असेल नसेल, पण सौ कदम चालले की पोचले समोरच्या दारात.

खवचट: शब्द राहू द्या, आधी पिक्चरबद्दल बोला. पहिला तास झकास, पुढे साखर जास्त. मादाम सकाळी बाजारात जाऊन यांना लागणारं सगळं सामान आधीच उचलते, मग पप्पा तिचं उचलतो, मग दोघं मेयरकडे तक्रारी घेऊन, ही खुन्नस बघायला मजा येते. 'स्पर्धा' म्हणू नका प्लीज, स्पर्धा शाळेत असते. हसन पॅरिसला गेला की खुन्नस संपते आणि पिक्चरही संपतो, नुसतं धूर सोडणारं पाककौशल्य आणि मासिकांची कव्हरं. आणि आईचं जळून मरणं पाच मिनिटांत आटपलंय, ते मला अजून पचलं नाही.

ठाण्याची मावशी: खुन्नस बरोबर आहे, पण ती आगीच्या प्रसंगापर्यंतच. ज्याँ-पिएर आणि त्याचे लोक भिंतीवर 'फ्रान्स फ्रेंचांचं' लिहून आग लावतात आणि हसनचे हात भाजतात, मग मादाम ज्याँ-पिएरला कामावरून काढते आणि स्वतः पावसात ती भिंत घासते. हेलन मिरेन तिथे फार बोलत नाही, बादली आणि ब्रश, बस्स. तिथून खुन्नस संपून चुरस सुरू होते. चुरशीत समोरच्याचं वाईट व्हावं असं नसतं, आपलं त्याच्यापेक्षा चांगलं व्हावं एवढंच असतं. दोन्हीला इंग्रजीत एकच शब्द वापरतील, आपल्याकडे दोन आहेत तर वापरा की.

पाटा-वरवंटा: आणि लगेच ऑम्लेट! हसनचे हात बांधलेले, तो सांगतो आणि मादाम करते. म्हणजे हात तिचे आणि चव याची. आपण म्हणतो ना हाताला चव आहे, इथे हातच दुसऱ्याचे. ती एक घास खाते आणि तिला कळतं. तिरफळताई, तुमच्या बहिणीला सांगा, शेफ हा हुद्दा, आचारी हा धंदा, आणि हसनकडे तेव्हा दोन्ही नाही, नुसती चव आहे.

रिकामटेकडा: मिशेलिनचंही सांगतो, विषय निघालाच आहे तर. टायरची कंपनी, १९०० साली गाइड काढलं ते लोकांनी गाड्या फिरवाव्यात आणि टायर झिजवावेत म्हणून, तारे १९२६ पासून. एक तारा म्हणजे जेवण उत्तम, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे त्यासाठीच मुद्दाम प्रवास करावा असं. मादामला दुसरा तारा हवाय, म्हणजे लोकांनी वाट वाकडी करून यावं हीच तिची इच्छा, आणि समोर येऊन बसलेत ते ब्रेक फेल झाल्यामुळे.

खवचट: हे आवडलं. फील-गुडचं काय ठरलं पण? 'हलकाफुलका' म्हणू नका, आई मरते, आग लागते, कसला हलका.

तिरफळ: सुखान्त पण नको, तो फक्त शेवटाबद्दल बोलतो. आई म्हणाली 'जीव निवला', मला तेच आवडलं. जीव निववणारा सिनेमा.

खवचट: पोस्टरवर 'जीव निववणारा' लिहिलं तर लोक भक्तिपट समजून येतील.

ठाण्याची मावशी: येऊ देत, तिकीट तर काढतील. बरं, मादामच्या किचनमधली मार्गरीत हसनला पुस्तकं देते आणि तो पाच मदर सॉस शिकतो, बेशामेल, वेलुते, एस्पान्योल, ओलांदेज आणि टोमॅटो, त्याला मराठीत काय? आई सॉस म्हटलं तर पोरं हसतात.

पाटा-वरवंटा: वाटण! एकदा कांदा-खोबऱ्याचं केलं की त्यातून उसळ, आमटी, रस्सा काहीही काढा. काम तेच.

रिकामटेकडा: काम तेच पण रीत वेगळी, वेलुतेत वाटायचं काही नसतं, लोण्यात मैदा परतून त्यात स्टॉक घालतात. 'मूळ सॉस' म्हणा आणि कंसात काही लिहू नका.

पाटा-वरवंटा: मैदा परतून? मग ते पिठलं झालं.