आई-बाबांना घेऊन जर्मनीला चाललोय, रोमिंग मारू की ई-सिम घेऊ?

मनीषनगरवाला:

नमस्कार मंडळी, जूनमध्ये आई-बाबांना घेऊन ताईकडे चाललोय, जर्मनीत कॉन्स्टान्झला. नागपूर-दोहा-झुरिक अशी तिकिटं आहेत, एकूण १८ दिवस, त्यात मधले चार दिवस स्वित्झर्लंड आणि शेवटी दोन दिवस पॅरिस. व्हिसा झाला, इन्शुरन्स झाला, आईच्या जवसाच्या चटणीचं वजनसुद्धा करून झालं, अडलंय फक्त मोबाईलच्या नेटवर.

बर्डीवर एका दुकानात विचारलं तर तो पोरगा म्हणे सर तिघांचंही रोमिंग मारून टाका, टेन्शनच नाही. हिशोब केला तर त्या पैशात एक माणूस विमानाने मुंबईला जाऊन येईल. ऑफिसातला मित्र म्हणतो अबे आता रोमिंग कोण घेतं, ई-सिम घे, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम, निम्म्याच्या निम्म्यात होतं. दोघंही इतक्या ठामपणे सांगून राहिले की मी होतो तिथंच आहे.

माझ्याकडे आयफोन १३, आईकडे माझा जुना आयफोन एक्सआर, बाबांकडे साधा अँड्रॉइड, दोन सिमचा, एक खाना रिकामा. बाबांचं एकच म्हणणं, माझा नंबर बंद पडता कामा नये, पेन्शनचं खातं त्याच्यावर आहे, ओटीपी आला पाहिजे. आईला रोज संध्याकाळी मावशीला व्हिडिओ कॉल. मला मॅप, ट्रेनची तिकिटं आणि थोडं ऑफिस. अनुभव असलेल्यांनी सांगा बापा.

तर्रीपोहे:

भाऊ, तुम्ही प्रश्नच उलटा धरून राहिले. रोमिंग की ई-सिम असं नसतंच, दोन्ही एकाच फोनमध्ये एकाच वेळी चालतात. भारतातलं सिम आत राहू द्यायचं, ओटीपीसाठी, आणि नेटसाठी ई-सिम. आपलं सिम काढून डबीत ठेवायचं आणि तिकडचं टाकायचं हा जुना प्रकार आता विसरा, यूपीआयची अ‍ॅप्स सिमला बांधलेली असतात, सिम हललं की परत सगळं रजिस्टर करा.

तर आधी बघा की फोन ई-सिम घेतो का. *#०६# डायल करा, आयएमईआयच्या सोबत ईआयडी म्हणून ३२ आकडी नंबर दिसला तर घेतो. एक्सआर आणि १३ दोन्ही घेतात, बाबांचा बहुतेक नाही घेणार, स्वस्तातल्या अँड्रॉइडमध्ये ते सहसा देत नाहीत.

मग सेटिंग. इथेच लोक मार खातात. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद, आणि ई-सिमचं डेटा रोमिंग चालू. हो, चालूच, कारण ते ई-सिम कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या कंपनीचं असतं आणि जर्मनीत तेही पाहुणंच असतं. माझ्या मेव्हण्याने घाबरून दोन्हीकडचं बंद ठेवलं आणि दोन दिवस ई-सिमवाल्यांना शिव्या देत फिरला. आयफोनमध्ये अजून एक बटण आहे, सेल्युलर डेटा स्विचिंग, तेही बंद करा, नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप दुसऱ्या सिमचा डेटा ओढायला बघतो.

ई-सिम घरूनच वायफायवर टाकून घ्या, कारण ते टाकायलाच नेट लागतं. आणि टाकल्यावर चुकूनही डिलीट करू नका, ते टाकायला जो क्यूआर कोड स्कॅन करतात तो बहुतेकांचा एकदाच चालतो. व्हॉट्सअ‍ॅप नंबर बदलायचा का विचारेल, नाही म्हणायचं.

बाबांना तुमचा हॉटस्पॉट द्या, काम खल्लास. फक्त अनलिमिटेड म्हणून विकतात त्यातल्या काही प्लॅनमध्ये हॉटस्पॉट चालत नाही आणि काहींत रोजचे ठरावीक जीबी संपले की स्पीड बैलगाडीचा होतो, ते बारीक अक्षरातलं वाचून घ्या.

काटोलकर:

मी तं डायरेक्ट धडा सांगतो. मागच्या साली पोराकडे गेलो, पॅक-बिक काही घेतला नाई, म्हटलं तिथं पोराचं वायफाय आहे, काहाले पैसे घालायचे. विमानात फोन फ्लाइट मोडवर टाकायचा राहून गेला. मले काय माहीत काही विमानात आतच मोबाईलचं टॉवर असते. पोस्टपेड नंबर, रात्रभर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो उतरून राहिले, आमच्या गावातला गुड मॉर्निंगचा ग्रुप तुमाले माहीत नाई, पहाटे चार पासून कमळं सुरू होतात. बिल आलं तेव्हा बायकोने जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाई. कंपनीचं नाव घेत नाई, चूक माझीच होती, पण तेवढ्या पैशात घरात चांगला कूलर आला असता. विमानातले रेट साध्या पॅकमध्ये बसत नाईत, ते अलग असतात.

तुमचं रोमिंग असो का ई-सिम असो, म्हाताऱ्यांचा फोन विमानात बसायच्या आधी तुम्ही स्वतःच्या हाताने फ्लाइट मोडवर टाका. दोह्यात उतरल्यावर बी तसाच ठेवा, एअरपोर्टचं वायफाय फुकट आहे, तेवढं लावून द्या.

स्टुटगार्टची_नागपूरकर:

मी इथे सहा वर्षं आहे, माहेर प्रतापनगरचं. तुमच्या प्लॅनमध्ये मोठा खड्डा आहे आणि तो कोणीच सांगत नाहीये. स्वित्झर्लंड.

व्हिसा शेंगेन असतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मोबाईलचंही तसंच असेल. नाहीये. एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता वापरायचा जो नियम आहे तो युरोपियन युनियनचा, १५ जून २०१७ पासूनचा, नंतर तो २०३२ पर्यंत वाढवला. त्यात जर्मनी आहे, फ्रान्स आहे, युनियनबाहेरचे नॉर्वे, आइसलँड आणि चिमुकलं लिश्टनस्टाइनही आहे. स्वित्झर्लंड नाही. म्हणजे व्हिसा एकच आणि सिमला मात्र वेस ओलांडावी लागते.

आणि तुम्ही उतरताय कुठे, झुरिकला! म्हणजे पहिलं पाऊलच स्वित्झर्लंडमध्ये. नुसतं युरोप लिहिलेलं ई-सिम घेतलं आणि यादीत स्वित्झर्लंड नसलं तर बॅगा घेऊन ट्रेन शोधतानाच फोन मुका. त्यावर कडी म्हणजे कॉन्स्टान्झ. ते गाव सीमेला इतकं चिकटलेलं आहे की पलीकडचं क्रॉयत्स्लिंगन स्विस आहे, चालत चालत लोक भाजी आणायला इकडून तिकडे करतात. फोन जर्मनीत उभा असतो आणि टॉवर स्विस पकडतो. आम्ही माइनाऊ बेटावर फुलं बघायला गेलो होतो तेव्हा नवऱ्याच्या फोनवर दर थोड्या वेळाने स्वागताचा मेसेज, एकदा स्वित्झर्लंडचा, एकदा जर्मनीचा, परत स्वित्झर्लंडचा. त्याचं ऑफिसचं जर्मन सिम होतं, त्यात स्विस धरलेलं नव्हतं.

म्हणून रोमिंग पॅक घ्या किंवा ई-सिम, देशांची यादी उघडून जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स अशी तिन्ही नावं बोट ठेवून वाचा. ताईच्या घरी असताना नेटवर्क ऑटोवरून काढून मॅन्युअली जर्मन निवडलं तरी हा लपंडाव थांबतो, मात्र फिरायला निघताना परत ऑटो करायला विसरू नका.

आणि बाबांच्या रिकाम्या खान्यासाठी ताईला सांगा एक प्रीपेड सिम घेऊन ठेवायला. तुम्ही इथे येऊन दुकानात घ्यायला गेलात तर २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय सिम चालू होत नाही, त्यात प्रवाशांचा अर्धा दिवस जाऊ शकतो. ताईचं तिथलं कागदपत्र असेल, तिच्या नावावर आधीच चालू करून ठेवेल. त्याही प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड बघूनच, काहींत असतं काहींत नसतं.

मनीषनगरवाला:

ताई, हे म्हणजे डोळेच उघडले. मी कार्टमध्ये टाकून ठेवलेला प्लॅन आत्ता उघडून पाहिला, त्यात खरंच स्वित्झर्लंड नाही. त्याच कंपनीचा दुसरा आहे, थोडा महाग, त्यात आहे.

अजून एक, मित्राने सांगितलेलं एक अ‍ॅप मला इकडे स्टोअरवर दिसत नव्हतं, काहून?

तर्रीपोहे:

जानेवारी २०२४ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन अ‍ॅप्स भारतातल्या स्टोअरवरून काढली होती. परदेशी सिम भारतात विकायचं तर दूरसंचार विभागाची एनओसी लागते, असा मुद्दा होता, फसवणुकीच्या केसेसमध्ये तसली सिमं वापरली जातात म्हणून. एनओसी असलेले इथले विक्रेते आहेत, त्यांच्याकडून घ्या, पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी मागतील, द्या. व्हीपीएन लावून कुठून तरी आणायच्या भानगडीत आई-बाबांना घेऊन जाताना पडू नका.

रिटायर्ड_काका_गोकुळपेठ:

सगळी तरुण मंडळी बोलली, आता बाबांच्या बाजूने मी बोलतो, कारण मीच तो बाबा आहे. वय ६९.

दोन वर्षांपूर्वी मुलगा-सून आम्हाला घेऊन गेले. मुलाने हेच केलं, स्वतःकडे ई-सिम आणि आम्हाला हॉटस्पॉट, म्हणाला बाबा तुम्हाला कशाला वेगळं. झुरिकच्या मोठ्या स्टेशनवर तो म्हणाला इथेच थांबा, मी कॉफी घेऊन येतो. तो वीस पावलं गेला असेल आणि माझं नेट गेलं. हिच्या हातात दोन बॅगा, समोरच्या बोर्डावर सगळं जर्मन, आणि ही विचारते आपली गाडी कुठली. तेवढ्यात एका पोलिसाने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं म्हणून आम्ही खांबाच्या पलीकडे गेलो, मुलगा आला तर आम्ही जागेवर नाही. फोन लावावा तर माझ्या नंबरवर रोमिंग नाही. पंचवीस मिनिटं. मुलगा कॉफीचे तीन कप तसेच घेऊन फिरत होता, थंड झालेले, ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे. त्याला रागावलो नाही, पण त्या दिवसानंतर मी मुलापासून हॉटस्पॉटच्या अंतराने चाललो, गाईच्या मागे वासरू चालतं तसा.

पैसे वाचवायचे तर तुमच्या आणि आईच्या फोनवर वाचवा. बाबांच्या फोनवर त्यांचंच रोमिंग घ्या, लहानसा पॅक चालेल, पण फोन लागला पाहिजे आणि लागला तर उचलता आला पाहिजे. त्या ताईंनी सुचवलेलं जर्मन सिम चांगलं आहे, पण ते पहिल्या दिवशी झुरिकला कामाचं नाही, ताईच्या घरी पोचल्यावर हातात येईल.

ओटीपीचं म्हणाल तर रोमिंग सर्विस चालू असली की येणाऱ्या एसएमएसचे पैसे लागत नाहीत, मला पेन्शनच्या बँकेचा मेसेज तिथे व्यवस्थित आला. मात्र इथला नेहमीचा रिचार्ज १८ दिवस पुरेल असा आधीच मारून ठेवा, तो मध्येच संपला तर तिकडे बसून धावपळ. आणि पॅक नसलेल्या नंबरवर आलेला कॉल उचलला की मीटर सुरू. इथले लोनवाले सकाळी दहाला फोन करतात तेव्हा जूनमध्ये तिथे साडेसहा वाजलेले असतात, झोपेत माणूस उचलतोच. हिने उचलला आणि कार्ड नको म्हणून सविस्तर समजावून सांगितलं.

स्टुटगार्टची_नागपूरकर:

काका, कॉफीचं वाचून पोटात तुटलं. मान्य, मी पहिल्या दिवसाचा विचारच केला नव्हता. आणि हो, आईंच्या मावशीच्या व्हिडिओ कॉलसाठी ई-सिमचा डेटा जाळू नका, ते रोज ताईच्या घरच्या वायफायवरच होऊ द्या. माझ्या आईशी अर्ध्या तासात दोनेकशे एमबी सहज जातात आणि त्यातले पंधरा मिनिटं ती कपाळ दाखवते.

मनीषनगरवाला:

ठरलं मंडळी. माझ्या आणि आईच्या फोनवर स्वित्झर्लंडसकटचं ई-सिम, दोघांच्या भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद, फक्त एसएमएससाठी जिवंत. बाबांना पूर्ण १८ दिवसांचा रोमिंग पॅक, कॉलसकट, आणि कस्टमर केअरला दोनदा विचारून घेतलं की जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि दोह्याच्या थांब्यासाठी कतार चारही त्यात आहेत. दिवस २४ तासांनी मोजतात की तारखेने तेही विचारलं, तर बाई म्हणाल्या पहिल्यांदा नेटवर्क पकडल्यापासून. तिघांचं मिळून दुकानातल्या पोराने सांगितलं त्याच्या निम्म्याच्या आसपास आलं.

काल रात्री बाबांना समजावून सांगितलं, काका तुमची गोष्टही वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण आज सकाळी पाहतो तर काटोलकर भाऊंची विमानाची गोष्ट आईने वेगळी वाचून दाखवलेली, आणि बाबांनी घाबरून आत्तापासूनच स्वतःच्या फोनचं डेटा रोमिंग बंद करून त्यावर कागद चिकटवला, हात लावू नये.

रिटायर्ड_काका_गोकुळपेठ:

अहो त्यांचा तर पॅक घेतलाय, त्यांचंच चालू ठेवायचंय! कागद काढा आधी.