मदत हवी आहे: निगेटिव्ह सिम्प्टम्सचं रेटिंग

नमस्कार, मी क्लिनिकल सायकॉलॉजीची ट्रेनी, स्किझोफ्रेनियाच्या पेशंट्सचं पॅन्स स्केलवर (लक्षणं किती तीव्र आहेत ते मोजायचं स्केल) रेटिंग करतेय. त्यात निगेटिव्ह सिम्प्टम्सचे, म्हणजे भावना, बोलणं, उत्साह कमी होण्याच्या लक्षणांचे ७ आयटम, प्रत्येकाला १ ते ७ गुण, पण अ‍ॅबस्ट्रॅक्ट थिंकिंगचा (अमूर्त विचार करण्याचा) आयटम मला तरी कॉग्निटिव्हच, म्हणजे विचारक्षमतेचाच वाटतो, म्हणून फक्त निगेटिव्ह सिम्प्टम्ससाठी असलेलं १३ आयटमचं बीएनएसएस स्केल घ्यावं का असं चाललंय डोक्यात. खरी अडचण वेगळीच आहे. काल एक दादा आले होते, चेहरा कोरा, उत्तरं नुसती हो-नाही, पण चहा आला तर आधी आईच्या हातात कप दिला त्यांनी! मग हे औषधाचं जडपण, डिप्रेशन की मूळ आजार, कसं वेगळं करता तुम्ही? आणि पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या गोष्टीची ओढ वाटते का, हे गावाकडच्या पेशंटला सोप्या मराठीत कसं विचारता? प्लीज सांगा, चुकीचा स्कोअर द्यायची फार भीती वाटते.